जुन्या एक्सटीवर एल्क्स चढवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, आणि त्यात वेळ कुठे जातो

काकांनी सांगलीचं सीए ऑफिस बंद केलं तेव्हा माळ्यावरून जे काय खाली आलं त्यात एक पीसी एक्सटीचा क्लोन होता, म्हणजे आयबीएमच्या जुन्या एक्सटी कॉम्प्युटरची दुसऱ्या कोणी बनवलेली नक्कल. लोखंडी पेटी, एकट्याने उचलली तर कंबर धरणार अशी, पुढे सव्वापाच इंची फ्लॉपीचे दोन ड्राइव्ह, एक टर्बो बटण, हिरव्या अक्षरांचा मॉनिटर आणि कीबोर्ड असा की टाइप करताना शेजारच्या खोलीत कळतं. भंगारवाला वजनावर घेऊन जायला तयारच उभा होता, मी म्हटलं राहू दे. आता घरी ठेवून घेतला तर त्याचं करायचं काय हा प्रश्न आलाच. डॉस ही त्या काळची ऑपरेटिंग सिस्टीम टाकून लोटस आणि वर्डस्टार हे जुने हिशेबाचे आणि टायपिंगचे प्रोग्राम बघून झालं, दोन दिवसांत कंटाळा आला. मग डोक्यात आलं की यावर युनिक्ससारखं, म्हणजे लिनक्सच्या घराण्यातली एखादी ऑपरेटिंग सिस्टीम असं काहीतरी चालवायचं, आणि तयार आणून नाही, सोर्स कोडपासून स्वतः कंपाईल करून.

मित्राला सांगितलं तर तो म्हणाला मग लिनक्स टाक की, ते कशावरही चालतं. नाही चालत, आणि का चालत नाही ते कळलं की पुढचं निम्मं आपोआप कळतं.

लिनक्स १९९१ मध्ये लिहायला घेतलं गेलं तेच मुळात इंटेलच्या ३८६ साठी. ३८६ मध्ये दोन गोष्टी होत्या, एक म्हणजे ३२ बिटचा प्रोसेसर आणि दुसरं म्हणजे मेमरीवर पहारा ठेवणारं हार्डवेअर, कुठल्या प्रोग्रामने कुठल्या जागेला हात लावायचा ते ठरवणारं. लिनक्सची सगळी मांडणी त्या पहाऱ्यावर उभी आहे. (गंमत म्हणजे ज्या ३८६ वर ते जन्मलं त्याचा सपोर्टसुद्धा लिनक्सने २०१२ च्या डिसेंबरात काढून टाकला, म्हणजे माहेरच सोडलं.) एक्सटीमध्ये असतो ८०८८, हा १९७९ चा प्रोसेसर. १६ बिटचा, आणि तोही बाहेरच्या मेमरीशी एका वेळी ८ बिटच बोलणारा. पहारा वगैरे काही नाही. मूळ आयबीएम एक्सटी १९८३ ला आली तेव्हा तिचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. गिगा नाही हां, मेगा.

तर अशा मशीनसाठी एल्क्स आहे. पूर्ण नाव एम्बेडेबल लिनक्स कर्नल सबसेट. १९९५ च्या सुमाराला अ‍ॅलन कॉक्स आणि चॅड पेज यांनी लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, घेऊन तो ८०८६ मध्ये (८०८८ चा थोरला भाऊ, आज्ञा त्याच) मावेल असा छाटायला सुरुवात केली. अ‍ॅलन कॉक्स म्हणजे लिनक्सच्या सुरुवातीच्या काळातलं मोठं नाव. नंतर मात्र प्रोजेक्ट बरीच वर्षं जवळजवळ पडून राहिलं, २०१२ ला जोडी ब्रुकन यांनी ते पुन्हा हातात घेतलं, आणि आता ग्रेगरी हेर आणि बाकीची मंडळी ते जोरात चालवतात. पगार नाही, गिऱ्हाईक नाही, हौस म्हणून. आणि हे काही म्युझियमचं सामान नाही, आजही त्यात नवीन कोड पडतो, ज्या प्रोसेसरसाठी पडतो तो पंचेचाळीशी ओलांडलेला म्हातारा आहे एवढंच.

आता कंपाईल करणे म्हणजे काय ते आधी. सोर्स कोड हा माणसाने वाचायचा मजकूर, सी भाषेत लिहिलेला. प्रोसेसरला तो कळत नाही, त्याला फक्त त्याच्या स्वतःच्या आज्ञांचे आकडे कळतात. मजकुराचे आकडे करून देतो तो कंपायलर. साधारणपणे ज्या मशीनवर कंपाईल करतो त्याच मशीनसाठी आकडे बनतात, पण इथे ते शक्य नाही, कारण जीसीसी हा कंपायलर एकटाच एक्सटीच्या अख्ख्या ६४० के (एक के म्हणजे १,०२४ बाइट) मेमरीच्या कित्येक पट मोठा आहे, तो तिथे उभाच राहणार नाही. मग करायचं काय, तर आपल्या लॅपटॉपवर बसून ८०८८ चे आकडे बनवायचे. याला म्हणतात क्रॉस कंपाईल. गावाकडच्या घराची चौकट पुण्यातल्या सुताराकडून करून घेण्यासारखं आहे हे, रंधा करवत सगळं त्याचं, माप मात्र गावच्या दाराचं. माप चुकलं तर चौकट दिसायला एक नंबर असते पण दारात बसत नाही. हे माप चुकायचं प्रकरण लक्षात ठेवा, माझ्याकडून झालंय, पुढे येतंच.

एल्क्ससाठी जो कंपायलर वापरतात तो आहे जीसीसीचाच एक अवतार, आयए१६ नावाचा. आजच्या नेहमीच्या जीसीसीला १६ बिट इंटेल येत नाही, त्यामुळे काही लोकांनी वेगळा सांभाळलेला हा. आधी एल्क्स बीसीसी नावाच्या जुन्या छोट्या कंपायलरने बनायचं, नंतर या जीसीसीवर आणलं आणि तिथून प्रोजेक्टला खरा वेग आला असं माझं मत.

आता मेमरी. या सगळ्या विषयातला हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि लोक नेमका हाच टाळून पुढे जातात.

८०८८ मध्ये आकडे ठेवायच्या ज्या आतल्या जागा, रजिस्टर, त्या १६ बिटच्या. १६ बिटमध्ये सगळ्यात मोठा आकडा बसतो ६५,५३५, म्हणजे शून्य धरून ६५,५३६ पत्ते, म्हणजे ६४ के. पण प्रोसेसरला मेमरी जोडता येते १ एमबी. मग ६४ केची नजर असलेल्या माणसाने १ एमबीचा वाडा कसा सांभाळायचा? इंटेलने तोडगा काढला सेगमेंटचा. दोन आकडे वापरायचे, एक सेगमेंट आणि एक ऑफसेट, सेगमेंटला १६ ने गुणायचं, त्यात ऑफसेट मिळवायचा, की झाला खरा पत्ता. सेगमेंट ८१९२ आणि ऑफसेट ० असेल तर खरा पत्ता १,३१,०७२.

चाळ डोळ्यासमोर आणा. चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं की आपल्या खोल्यांचे नंबर शून्यापासून सुरू होतात. "पाच नंबरच्या खोलीत डबा ठेव" असं प्रोग्राम म्हणतो तेव्हा ती त्याच्या बिऱ्हाडातली पाच नंबर. त्याचं बिऱ्हाड चाळीत नक्की कुठून सुरू होतं हे त्याला माहीत असायची गरज नाही, तो आकडा सेगमेंट रजिस्टरमध्ये आहे आणि तो ठरवतं एल्क्स. म्हणजे एकच प्रोग्राम आज या कोपऱ्यात आणि उद्या त्या कोपऱ्यात चढवला तरी त्याच्या आतला एक आकडाही बदलावा लागत नाही. पहाऱ्याचं हार्डवेअर नसताना एका वेळी अनेक प्रोग्राम चालवणं एल्क्सला जमतं ते मोठ्या प्रमाणात या युक्तीवर. साध्या प्रोग्रामला मिळतं एक बिऱ्हाड कोडसाठी, जास्तीत जास्त ६४ के, आणि एक डेटासाठी, तेही ६४ के. तोच प्रोग्राम दोनदा चालू केला तर कोडचं बिऱ्हाड दोघांत एकच, डेटाची मात्र वेगळी. आणि युनिक्समध्ये नवीन प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, बनते ती जुन्याची नक्कल काढून, आजच्या मशीनमध्ये ही नक्कल नुसती कागदोपत्री असते, खरी कॉपी गरज पडली तरच होते, इथे मात्र डेटा खरोखर एकेक बाइट उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो. पूर्ण ६४ के असेल तर ४.७७ मेगाहर्ट्झवर सेकंदाचा पाचवा हिस्सा त्यातच जातो, हाताला जाणवतं.

फक्त एक आहे, या चाळीत कुठल्याच दाराला कडी नाही. प्रोग्रामने ठरवलं, किंवा ठरवलं नाही पण चुकून झालं, तर तो आपला सेगमेंट बदलून शेजाऱ्याच्या घरात, नाहीतर थेट मालकाच्या म्हणजे कर्नलच्या घरात घुसू शकतो आणि कोणी अडवत नाही. एल्क्सवर प्रोग्राम चुकला की बऱ्याचदा तो एकटा मरत नाही, मशीनच घेऊन जातो. लिनक्सची सवय असलेल्या माणसाला हे फार लागतं.

आता प्रत्यक्ष बिल्ड. लिनक्सवाला लॅपटॉप घ्या, विंडोज असेल तर त्यातलं डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय, चालतं. गिटहब या सोर्स कोड ठेवायच्या वेबसाइटवरून एल्क्सचा सोर्स क्लोन करा, म्हणजे उतरवून घ्या. आत बिल्ड नावाची एक स्क्रिप्ट आहे, ती चालवली की आधी क्रॉस कंपायलर बनतो, मग मेनू येतो, मग कर्नल आणि सगळे छोटे प्रोग्राम कंपाईल होतात, आणि शेवटी इमेज नावाच्या फोल्डरमध्ये तयार फ्लॉपीची इमेज पडते, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीतला मजकूर जसाच्या तसा एका फाईलमध्ये. पहिल्या वेळी सगळा वेळ कंपायलर बनण्यातच जातो, माझ्या लॅपटॉपला पाऊण तास लागला, पंखा विमानासारखा. मध्येच थांबलं तर नव्वद टक्के वेळा बायसन, फ्लेक्स, टेक्स्टइन्फो असलं काहीतरी पॅकेज टाकायचं राहिलेलं असतं, एररची शेवटची ओळ सोडा, पहिली ओळ वाचा. कंपायलर एकदा झाला की पुन्हा नाही बनवावा लागत. त्यानंतर एनव्ही नावाची फाईल सोर्स करून, म्हणजे तिच्यातल्या सेटिंग लागू करून, नुसती मेक ही कमांड दिली की अख्खी ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, काही मिनिटांत परत बनते. अख्खी ओएस, काही मिनिटांत! हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी उगाच तीन वेळा करून बघितलं.

मेनूत घाबरण्यासारखं काही नाही, पण तीन-चार गोष्टी मशीनकडे बघून भरायच्या. पहिलं, आर्किटेक्चर आयबीएम पीसीचं ठेवायचं, कारण एल्क्स जपानच्या पीसी-९८ वरही चालतं आणि तो पर्याय तिथेच आहे. दुसरं फ्लॉपीचा आकार. तिसरं फाईल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, मिनिक्स की फॅट. फॅट घेतली तर डॉसमधूनही फाइली दिसतात, मिनिक्स घेतली तर ती खरी युनिक्सची, परवानग्या वगैरे सगळ्यासकट, मी मिनिक्स घेतली. चौथं नेटवर्क कार्ड असेल तर ते, एनई२००० सारखी जुनी कार्डं चालतात. बाकीचं आहे तसं राहू द्या.

फ्लॉपीच्या आकारावर थोडं थांबतो, लोक इथेच फसतात. सव्वापाच इंची साधी फ्लॉपी म्हणजे ४० ट्रॅक (चकतीवरचे गोल पट्टे), दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर ९ सेक्टर (पट्ट्याचे तुकडे), प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटचा, गुणाकार करा, ३,६८,६४० बाइट, म्हणजे ३६० के. साडेतीन इंची १.४४ एमबीवाली सगळ्यांना माहीत आहे, पण एक्सटीचा मूळ फ्लॉपी कंट्रोलर ती वाचूच शकत नाही, कारण तिच्यावरचा डेटा दुप्पट वेगाने येतो आणि कंट्रोलरला तो वेग झेपत नाही. नुसता ड्राइव्ह बदलून काही होत नाही. तर एक्सटीसाठी ३६० के. एवढ्यात कर्नल, शेल (आपण टाइप केलेल्या कमांडा ऐकणारा प्रोग्राम), एडिटर, फाइली हलवायच्या नेहमीच्या कमांडा एवढंच बसतं, एल्क्सची बिल्ड सिस्टीम स्वतःच बघते की या आकारात कोणकोण मावेल आणि बाकीच्यांना बाहेर ठेवते.

ज्याला कंपाईल वगैरे काही करायचं नाही, नुसतं चालवून बघायचंय, त्याला तयार इमेज प्रोजेक्टच्या रिलीजमध्ये मिळतात. लाजायचं कारण नाही. पण मग कर्नलमध्ये आपलं नाव छापून बूट करायची मजा मिळत नाही, जी मी अर्थातच केली.

खऱ्या मशीनकडे जाण्याआधी एम्युलेटरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवर जुन्या मशीनचं सोंग घेणाऱ्या प्रोग्राममध्ये, चालवून बघायचं. क्यूएमयू चालतो, त्याची स्क्रिप्टसुद्धा सोर्समध्येच आहे, दोन सेकंदात लॉगिन येतं, रूट टाइप करायचं, पासवर्ड नाही, समोर हॅशचं चिन्ह. आणि आता ती मापाची गोष्ट. मी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला, घड्याळ दाखवणारा, आणि त्याला कंपाईल करताना कुठूनतरी उचललेल्या ओळीत प्रोसेसर म्हणून २८६ लिहिलेलं होतं ते तसंच राहिलं. क्यूएमयूमध्ये झकास चालला. एक्सटीवर चालवला तर मशीन ठार. स्क्रीनवर घड्याळ नाही, एरर नाही, कीबोर्ड मेलेला.

कारण असं. क्यूएमयू जो प्रोसेसर दाखवतो तो ८०८८ च्या कितीतरी पुढचा आहे, त्याला जुन्या आज्ञा येतातच आणि नव्याही येतात, त्यामुळे माप चुकलेलं त्याला कळतच नाही. १८६ आणि २८६ मध्ये काही सोयीच्या आज्ञा नव्याने आल्या, उदाहरणार्थ सगळे रजिस्टर एका दणक्यात स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या ढिगावर, ठेवायची. ८०८८ ला ती माहीत नाही. पण त्याचा स्वभाव असा की माहीत नाही असं तो म्हणत नाही! नंतरचे प्रोसेसर अनोळखी आज्ञा आली की ओरडतात, ८०८८ मध्ये ओरडायची सोयच नाही. आणि त्या नव्या आज्ञांचे बरेचसे आकडे तो चक्क "अमुक अट असेल तर तिकडे उडी मार" अशा जुन्या आज्ञांसारखे वाचतो. म्हणजे माझा प्रोग्राम म्हणत होता सामान नीट ठेव, आणि प्रोसेसर ऐकत होता उडी मार, आणि मारत होता, कडी नसलेल्या चाळीत. म्हणून क्यूएमयूवर चाललं म्हणजे झालं असं समजू नका. ८६बॉक्ससारखा एम्युलेटर वापरा, तो खऱ्या ८०८८ ची नक्कल करतो, त्याच्या खोडींसकट.

इथपर्यंत एक संध्याकाळ गेली असं धरा. पुढची पायरी म्हणजे ही ३६० केची फाईल लॅपटॉपमधून त्या एक्सटीच्या ड्राइव्हपर्यंत नेणे. चार बोटांचं अंतर. त्याला मला दोन रविवार आणि मधले सगळे वैताग लागले.

सव्वापाच इंची यूएसबी ड्राइव्ह बाजारात मिळत नाही. म्हणून मध्यस्थ म्हणून एक पेन्टियम ३ चं मशीन उभं केलं, त्याच्या मदरबोर्डवर फ्लॉपीचं सॉकेट असतं, त्याला १.२ एमबीचा सव्वापाच इंची ड्राइव्ह जोडला. हा ड्राइव्ह ३६० के फ्लॉपी लिहितो. काकांच्याच डब्यातल्या जुन्या फ्लॉपी घेतल्या, आणि मी शहाणपणा असा केला की आधी त्या एक्सटीमध्येच नव्याने फॉरमॅट करून घेतल्या, म्हटलं ज्या ड्राइव्हने वाचायच्या त्यानेच आखलेल्या बऱ्या. मग पेन्टियमवर इमेज लिहिली, तिथे वाचून तपासली, बरोबर. एक्सटीत घातली, रीड एरर. दुसरी, रीड एरर. अकरा फ्लॉपी झाल्या.

झालं होतं असं की १.२ एमबीचा ड्राइव्ह तेवढ्याच जागेत ४० ऐवजी ८० ट्रॅक बसवतो, म्हणून त्याचं हेड, म्हणजे फ्लॉपीवर लिहिणारं-वाचणारं टोक, निम्म्या रुंदीचं असतं. रुंद ब्रशने मारलेल्या पट्ट्यावर अरुंद ब्रशने मधोमध नवीन पट्टा मारला तर दोन्ही कडांना जुना रंग राहणारच. अरुंद हेड फक्त मधलं बघतं, त्याला सगळं स्वच्छ दिसतं, एक्सटीचं रुंद हेड मात्र नवीन आणि जुनं दोन्ही एकत्र वाचतं आणि गोंधळतं. म्हणजे मी आधी एक्सटीत फॉरमॅट करून स्वतःच्या हाताने तो रुंद जुना रंग मारून ठेवला होता. उपाय म्हणजे कधीच न वापरलेली कोरी फ्लॉपी घ्यायची, किंवा जुनी असेल तर चुंबकाने आधी पूर्ण पुसायची, आणि मग थेट अरुंद हेडनेच लिहायची. कोऱ्या फ्लॉपी आता कुठे मिळणार. चुंबकाने पुसलेल्यांपैकी दोन चालल्या, बाकीच्यांवर बुरशी होती, आपल्याकडच्या पावसाळ्याची देणगी, उजेडात धरली की पांढुरके ठिपके दिसतात. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नका, ती हेडला घाण करते आणि घाण हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीला ओरखडे पाडतं. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं लागलं.

शेवटी गोटेक घेतला, जो पहिल्याच दिवशी घ्यायला हवा होता. गोटेक म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा डबा, पुढे पेन ड्राइव्ह लावायचा, आणि मशीनला वाटतं की आत फ्लॉपी फिरतेय. त्यावर फ्लॅशफ्लॉपी हे मोफत फर्मवेअर टाकलं की इमेजची फाईल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करायची. अडचण एवढीच की सव्वापाच इंची ड्राइव्हच्या केबलचं टोक वेगळं असतं आणि गोटेकच्या मागे पिना असतात, त्यामुळे योग्य टोकाची केबल शोधत बुधवार पेठेत दोन तास, आणि केबलला मध्ये जो पीळ असतो तो कुठल्या बाजूला यावर गोटेकचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) कुठे लावायचा ते ठरतं, तेही एकदा चुकलं. ज्यांना खऱ्या फ्लॉपीवरच लिहायचंय त्यांच्यासाठी ग्रीझविझल नावाचं छोटं यूएसबी बोर्ड आहे, ते जुन्या ड्राइव्हला थेट लॅपटॉपशी जोडतं, पण ड्राइव्ह ३६० केचाच लावा, नाहीतर ब्रशची गोष्ट पुन्हा सुरू.

मशीन चालू करण्याआधी एक सांगायचं राहिलं, हे खरं तर सगळ्यात वर हवं होतं. अमेरिकेतून आणलेलं मशीन असेल तर मागे पॉवर सप्लायवर लाल छोटा स्विच बघा, ११५ वर असेल तर आपल्या २३० च्या वायरीत लावल्याबरोबर सप्लाय गेला. आणि २८६ किंवा ३८६ असेल तर उघडून मदरबोर्डवरची पिंपासारखी बॅटरी बघा, ती गळून आजूबाजूचं तांबं खाते, हिरवट पांढरं दिसलं तर आधी ती कापून काढा. एक्सटीत सहसा ही बॅटरी नसते, सेटिंगसुद्धा बोर्डवरच्या छोट्या स्विचांनी करायची.

मग बूट. बटण दाबल्यावर मशीन मेमरी मोजतं, चहाचा घोट होतो तेवढ्यात, मग बायोस, म्हणजे मशीनच्या चिपमध्येच कोरलेला सुरुवातीचा प्रोग्राम, फ्लॉपीचा पहिला सेक्टर, फक्त ५१२ बाइट, मेमरीत एका ठरलेल्या पत्त्यावर आणतो, तिथे उडी मारतो आणि हात झटकतो. आता एवढ्याशा कोडने बाकीचं सगळं शोधायचं. मिनिक्स फाईल सिस्टीममध्ये सुरुवातीचे १,०२४ बाइट बूटसाठी मोकळे सोडलेले असतात, म्हणून एल्क्सचा पहिला सेक्टर आधी दुसऱ्याला आणतो, आणि दोघं मिळून फाईल सिस्टीममध्ये लिनक्स नावाची फाईल शोधतात. हो, कर्नलच्या फाईलचं नाव लिनक्सच ठेवलंय. ती मेमरीत आली की कर्नल सुरू. खऱ्या फ्लॉपीवर हे चालताना कानाने कळतं, हेड कटकट करत ट्रॅकवरून ट्रॅकवर जातं. गोटेकवर आवाज नाही, तेवढं मात्र चुकल्यासारखं वाटतं.

फ्लॉपीवरून रोज चालवणं त्रासाचं आहे म्हणून हार्डडिस्क. माझ्या मशीनमधली २० एमबीची डिस्क कधीच गेलेली होती, नुसती कुंई करून थांबायची. तिच्या जागी एक्सटी-आयडीई कार्ड लावलं, हेही हौशी लोकांनीच डिझाईन केलेलं, आणि त्याला कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, जुन्या कॅमेऱ्यात असायचं ते, त्याची भाषा मुळातच आयडीई डिस्कची, म्हणजे नंतरच्या पीसीतल्या नेहमीच्या हार्डडिस्कची, आहे. एल्क्सला वेगळा ड्रायव्हर लागला नाही, कारण एल्क्स डिस्कशी बोलतं ते बायोसमार्फत, आणि या कार्डवर स्वतःचा बायोस आहे, त्यामुळे एल्क्सच्या दृष्टीने ती साधी हार्डडिस्क.

फ्लॉपीवरून बूट करून एफडिस्क या कमांडने पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक हिस्सा, पाडायचं, ६४ एमबीच्या आत, कारण जुन्या मिनिक्स फाईल सिस्टीमची मर्यादाच ती आहे. कार्ड ४ जीबीचं असलं तरी त्या पार्टिशनला तेवढंच. मग सिस नावाची स्क्रिप्ट आहे, तिला पार्टिशनचं नाव दिलं की ती फाईल सिस्टीम बनवते, सगळं कॉपी करते आणि बूट होईल असं करते, डॉसवाल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. दुसरा रस्ता म्हणजे लॅपटॉपवर हार्डडिस्कची ३२ एमबीची इमेज बनवून डीडी या कॉपी करायच्या कमांडने थेट कार्डवर ओतायची. हा जलद आहे पण डीडीत डिस्कचं नाव दोनदा वाचा, एक अक्षर चुकलं तर लॅपटॉपचीच डिस्क पुसली जाते आणि तो विचारत नाही. शिवाय एकाच कार्डचे सिलिंडर, हेड, सेक्टर लॅपटॉप एका हिशोबाने मोजतो आणि एक्सटीचा बायोस दुसऱ्या, हिशोब जुळला नाही तर बूट होत नाही. म्हणून मी म्हणेन इन्स्टॉल त्याच मशीनवर करा ज्यावर चालवायचंय.

हार्डडिस्कवरून तीस सेकंदांच्या आत लॉगिन येतं. व्हीआय हा एडिटर आहे, शेल आहे, फाइलींची नावं १४ अक्षरांपर्यंतच ठेवता येतात. नेटवर्क कार्ड नसेल तर सीरियल पोर्टवरून स्लिप, म्हणजे साध्या तारेवरून नेटवर्क चालवायची जुनी पद्धत, वापरून घरच्या नेटवर्कला जोडता येतं, वेब सर्व्हरसुद्धा आहे, फोनच्या ब्राउझरमध्ये एक्सटीने पाठवलेलं पान उघडलं तेव्हा काकांना दाखवलं, ते म्हणाले यावर आम्ही मार्चएंडला रात्री दोनपर्यंत बॅलन्स शीट काढायचो, आणि परत पेपर वाचायला लागले.

बंद करताना सरळ बटण दाबू नका, आधी शटडाऊन म्हणा, नाहीतर शेवटचं लिहिलेलं मेमरीतच राहतं. आणि एक्सटीत बॅटरीवरचं घड्याळ नसतं, त्यामुळे प्रत्येक वेळी चालू केल्यावर डेट कमांडने तारीख हाताने भरावी लागते. मी नेहमी विसरतो, म्हणून माझ्या सगळ्या फाइलींवर १ जानेवारी १९७० आहे, युनिक्सचं घड्याळ मोजायला सुरुवात करतं तो दिवस.